‘मग उतरत का नाही तो?’

२६ जानेवारी २०२४ च्या रात्री बातमी आली. एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा नावाच्या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं, टाकीने पेट घेतला, जहाजावर २२ भारतीय. माझा नवरा त्या जहाजावर नव्हता. पण तशाच एका जहाजावर, त्याच वाटेवर, चार दिवस मागे होता. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला, चष्मा काढून पदराने पुसला आणि मला म्हणाल्या, "मग उतरत का नाही तो? नोकरीच आहे ना? राजीनामा द्यायचा आणि यायचं घरी."

प्रश्न सरळ होता. सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावर बसून तर फारच सरळ वाटतो. आमच्या बिल्डिंगमधली आयटीवाली पोरं वर्षाला एक राजीनामा देतात. पण आईंना उत्तर द्यायला मला आठवडा लागला, कारण बारा वर्षं शिपवाल्याची बायको असूनही मलाच ते धड ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात आणि त्यानंतरही नवऱ्याला, त्याच्या बॅचच्या मित्रांना आणि जुन्या कॉन्ट्रॅक्टच्या कागदांना विचारून जे कळत गेलं, ते इथे मांडते.

आधी एक गैरसमज दूर करू. मर्चंट नेव्ही म्हटलं की पुण्यात निम्म्या लोकांना नौदल वाटतं. लोणी काळभोरला आणि तळेगावजवळ इंदुरीला या शिक्षणाची कॉलेजं आहेत. तिथली पांढऱ्या गणवेशातली पोरं स्टेशनवर दिसली की रिक्षावाले "जय हिंद साहेब" म्हणतात. पोरं खूश होतात, दुरुस्त करत नाहीत. प्रत्यक्षात ही माणसं सैनिक नसतात. ते समुद्रावरचे ट्रकवाले म्हणा ना. देशादेशांतल्या व्यापारातला ८० टक्क्यांच्या आसपास माल जहाजांनी जातो, आणि तो वाहून नेणाऱ्यांच्या हातात बंदूक नसते. युद्धाच्या कायद्यात ते नागरिकच. भांडणात नसलेल्या देशाच्या व्यापारी जहाजावर हल्ला करायला त्या कायद्याची सहसा परवानगी नाही.

पण "कुठल्या देशाचं जहाज" हा प्रश्नच सगळ्यात गुंतागुंतीचा आहे.

१३ एप्रिल २०२४ ला इराणच्या कमांडोंनी हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरून एमएससी एरिज हे कंटेनर जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ ताब्यात घेतलं. चालवणारी कंपनी स्वित्झर्लंडची. जहाजाचा संबंध लंडनमधल्या एका कंपनीशी, आणि ती कंपनी एका इस्रायली उद्योगपतीच्या समूहातली. मागच्या बाजूला फडकत होता पोर्तुगालचा झेंडा. आणि आत २५ माणसं: १७ भारतीय, ४ फिलिपिनो, २ पाकिस्तानी, १ रशियन, १ एस्टोनियन. इराणचं भांडण इस्रायलशी. पकडलं गेलं कोण, तर ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता ते.

झेंडा म्हणजे जहाजाचं पासिंग, असं मी आईंना सांगितलं. आपली गाडी एमएच बारा. पण महागड्या गाड्यांचे मालक कर वाचवायला पुदुच्चेरीचं पासिंग करून आणतात ना, तसं जहाजांचे मालक पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स इथे नोंदणी करतात. फरक एवढाच, की पुदुच्चेरीचं पासिंग असलेली गाडी पुण्यात फिरली तर कायदा इथलाच लागतो. जहाजावर मात्र जो झेंडा, त्या देशाचा कायदा. पगार थकला, कुणी मारहाण केली, कॅप्टनने जबरदस्ती केली, तर दाद मागायची ती त्या देशाकडे. नवऱ्याने आजवर कामं केलेल्या जहाजांवर जे झेंडे होते, त्यातल्या एकाही देशात त्याचं पाऊल पडलेलं नाही.

येमेनमधल्या हूथी या सशस्त्र गटाने १९ नोव्हेंबर २०२३ ला गॅलेक्सी लीडर हे जहाज पकडलं, तेव्हा "इस्रायलशी संबंधित जहाजं" हे त्यांचं कारण होतं. पुढे अमेरिका आणि ब्रिटनशी संबंधित जहाजंही त्यात आली. पण संबंध ठरवायचा कशावरून? नोंदवह्यांवरून. एखादं जहाज विकलं जातं, नवा मालक येतो, वेबसाइटवर जुनंच नाव राहतं, आणि ड्रोन येतं ते जुन्या नावावर. कुणीतरी कुठेतरी कागद अद्ययावत केला नाही म्हणून. गॅलेक्सी लीडरची २५ माणसं जानेवारी २०२५ मध्ये सुटली. चौदा महिने. आई त्यावर एवढंच म्हणाल्या, "म्हणजे दोन संक्रांती."

मग त्या वाटेने जायचंच कशाला? हा आईंचा दुसरा प्रश्न. मी फ्रीजवरचा मुलाच्या शाळेचा नकाशा काढून टेबलावर पसरला. सुएझ कालव्यातून उतरलं की लाल समुद्र, आणि त्याच्या दक्षिण टोकाला बाब-अल-मंदेब. या अरबी नावाचा अर्थच अश्रूंचं किंवा शोकाचं दार असा लावतात. तीसेक किलोमीटरची फट, म्हणजे आमच्या घरापासून सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन परत येण्याइतकी. एका काठावर येमेन. किनाऱ्यावरून सगळी वाहतूक नजरेत. ते टाळायचं तर आख्ख्या आफ्रिकेला वळसा, केप ऑफ गुड होपवरून. युरोपला जायला दहा ते चौदा दिवस जास्त, तेवढं इंधन जास्त, आणि तेवढे दिवस जहाजाचं भाडं चालू.

२०२४ च्या पहिल्या दोन महिन्यांत सुएझमधून जाणारा व्यापार आदल्या वर्षाच्या तुलनेत निम्म्यावर आला. म्हणजे निम्म्यांनी वळसा घेतला. उरलेले गेले. का गेले, ते समजून घ्यायला विम्याचा हिशेब पाहावा लागतो.

जहाजाच्या नेहमीच्या विम्यात युद्ध धरलेलं नसतं. लंडनच्या विमा बाजारातल्या तज्ज्ञांची एक समिती धोकादायक पाण्यांची यादी काढते. त्या यादीतल्या पाण्यात शिरायचं तर वेगळा हप्ता, आणि तोही साधारण सात दिवसांपुरता. शांततेत हा हप्ता नगण्य असतो. २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्रासाठी तो जहाजाच्या किमतीच्या एका टक्क्याच्या आसपास गेला. समजा जहाज चार कोटी डॉलरचं आहे, तर एका फेरीचे चार लाख डॉलर. आता मालक एका बाजूला हे चार लाख मांडतो आणि दुसऱ्या बाजूला बारा दिवसांचं इंधन आणि भाडं. ज्या महिन्यात भाडी चढलेली असतात, त्या महिन्यात धोक्याची वाट स्वस्त पडते. एवढं साधं आहे ते. त्या हिशेबाच्या वहीत माणसांचाही एक रकाना असतो, पण तो किती लहान असतो ते पुढे येईल.

आता मूळ प्रश्न. उतरता येतं का?

कागदावर येतं, आणि हे मला माहीतच नव्हतं. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय युनियन आणि जहाज कंपन्या एकत्र बसून काही पाण्यांना ‘युद्धसदृश क्षेत्र’ असा दर्जा देतात. (माझ्या नवऱ्याला ‘खलाशी’ म्हटलेलं आवडत नाही, तो ‘सेकंड इंजिनिअर’ आहे. पण कायद्याच्या नजरेत कॅप्टनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे खलाशीच, म्हणून इथे तेच लिहिते.) जहाज या करारात असेल, तर अशा क्षेत्रात जायला नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. नकार दिला तर घरी पाठवण्याचा खर्च कंपनीचा, वर दोन महिन्यांच्या बेसिकइतकी भरपाई. गेलात, तर तिथे जितके दिवस असाल तितक्या दिवसांचं बेसिक जादा, आणि लवकर बाहेर पडलात तरी किमान पाच दिवसांचं. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर भरपाई दुप्पट.

वाचून बरं वाटतं. आता ‘बेसिक’ या शब्दाकडे नीट बघा. पगाराची पावती पाहिलेल्या कुणालाही कळेल की खरी गोम तिथे आहे. जहाजावरच्या पगारात बेसिक हा एक तुकडा. ओव्हरटाइम, रजेचा पगार वगैरे धरून हातात येतं ते बरंच मोठं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अनुभवी खलाशाचं, म्हणजे ‘एबी’चं, किमान बेसिक २०२५ साठी महिना ६७३ डॉलर ठरवलं होतं. त्या दराने पाच दिवसांचे झाले ११२ डॉलर. साडेनऊ हजार रुपयांच्या आसपास. क्षेपणास्त्राच्या टप्प्यातून जाण्याचा हा जादा भाव. मालकाच्या वहीतला तो लहान रकाना म्हणजे हाच.

आणि हे करारातल्या जहाजांचं झालं. कुणा एजंटला लाखभर रुपये मोजून, कुठल्यातरी जुनाट छोट्या बोटीवर चढलेल्या पोरांच्या कागदात असलं काही नसतं. म्हणून भारतात खलाशी भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो, आणि घरच्यांनी सगळ्यात आधी तोच तपासायला हवा. परवान्याचा नंबर विचारल्यावर जो एजंट चिडतो, त्याच्या ऑफिसातून चहा न पिता उठावं.

तर हक्क आहे. मग माणसं उतरत का नाहीत?

पहिलं, नकार द्यायचा तो त्या पाण्यात शिरण्याच्या आधी. समुद्राच्या मधोमध स्टॉप नसतो. उतरायला बंदर लागतं, त्या देशाचा व्हिसा लागतो, आणि तुमच्या जागी चढणारा माणूस लागतो. त्याला ‘रिलीव्हर’ म्हणतात. आता जिथून तुम्ही पळताय, तिथे चढायला रिलीव्हर तरी का तयार होईल? दुसरं, प्रत्येक जहाजाला कमीत कमी किती आणि कोणत्या दर्जाची माणसं हवीत याचा दाखला असतो. त्याखाली संख्या गेली तर जहाज हलू शकत नाही. म्हणजे तुम्ही उतरलात तर बाकीचे वीसजण अडकले. हे गणित प्रत्येकाला पाठ असतं, आणि ते कुठल्याही कॅप्टनच्या दमदाटीपेक्षा जास्त काम करतं.

तिसरं कारण कागदावर नसतं. नवऱ्याच्या आधीच्या एका कंपनीत (नाव घेत नाही) मेसमध्ये, चहाच्या किटलीच्या वर, एक तक्ता चिकटवला होता. नाव, हुद्दा, ‘तयार’, ‘तयार नाही’, सही. चोवीस तास मुदत. सगळे जेवायला तिथेच येणार, सगळ्यांना दिसणार कोणी कुठे सही केली. सगळ्यात वर कॅप्टनची सही, ‘तयार’मध्ये. मुंबईच्या ऑफिसातून फोनही आला, अगदी गोड आवाजात: "निर्णय तुमचाच आहे हं, कुणावर जबरदस्ती नाही. फक्त पुढच्या कॉन्ट्रॅक्टचं प्लॅनिंग करायचंय, म्हणून विचारलं." खलाशाला कायम नोकरी क्वचितच असते. सहा-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग घरी, मग पुन्हा नवं. त्यामुळे ‘पुढचं कॉन्ट्रॅक्ट’ या दोन शब्दांत काय दडलंय, हे ज्याच्या घराचा हप्ता चालू आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. एकोणीस जणांनी ‘तयार’खाली सही केली. विसावा होता एक बावीस वर्षांचा डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ पोरगा. त्याने दोन्ही रकाने कोरे ठेवले. त्याचं पुढे काय झालं, हे नवऱ्याने मला कधी सांगितलं नाही.

आई हे ऐकून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि आत काय करतात रे हे लोक, येतंय असं कळल्यावर?" त्या फोनशी बोलत होत्या, फोनवर तो होता.

त्याने जे सांगितलं, ते मला या सगळ्यात सगळ्यात चमत्कारिक वाटलं. सोमालियाच्या चाच्यांच्या काळापासून जहाजांना एक धडा पाठ आहे: चाचे चढले, की सगळ्यांनी ‘सिटाडेल’मध्ये जायचं. म्हणजे आतून पक्की बंद होणारी खोली, बहुधा इंजिनरूमच्या भागात, खोल खाली. पाणी, खाणं, रेडिओ आत ठेवलेला. दार बंद करून नौदलाची वाट बघायची. पण क्षेपणास्त्र किंवा स्फोटकांनी भरलेली विनाचालक बोट येत असेल, तर नेमकी तीच जागा सगळ्यात वाईट. ती बोट पाण्याच्या पातळीवर आदळते आणि पाणी आधी इंजिनरूममध्ये घुसतं. जून २०२४ मध्ये ट्यूटर नावाच्या जहाजावर असाच हल्ला झाला. त्यातला एक फिलिपिनो खलाशी इंजिनरूममधून परत आला नाही, आणि जहाजही बुडालं. म्हणून ड्रोनचा इशारा असेल तर सूचना बरोबर उलट्या: खाली कमीत कमी माणसं, बाकी सगळे राहण्याच्या मजल्यांच्या मधल्या जिन्यापाशी, खिडक्यांपासून लांब.

म्हणजे चाचे आले तर खाली पळायचं आणि ड्रोन आलं तर वर. आणि त्या वर्षी त्या पट्ट्यात दोन्ही होते. डिसेंबर २०२३ मध्ये सोमाली चाच्यांनी रुएन हे जहाज पळवलं होतं. आपल्या नौदलाने मार्च २०२४ मध्ये १७ जणांना सोडवलं, ३५ चाच्यांना शरण आणलं. लांबून एक छोटी बोट येताना दिसते. चाच्यांची की स्फोटकांची? वर की खाली? ठरवायला काही मिनिटं. आणि माझा नवरा सेकंड इंजिनिअर. ‘खाली कमीत कमी माणसं’मधला एक तो. हे त्याने सांगितलं नाही. मी हिशेब केला. आईंनीही केला असणार, कारण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

जाता जाता, मार्लिन लुआंडाची आग विझवायला विशाखापट्टणम या युद्धनौकेवरून नौदलाची दहा माणसं गेली होती. सगळे वाचले. त्याच पाण्यात ६ मार्चला ट्रू कॉन्फिडन्सवर तिघे मेले. हूथींच्या हल्ल्यांत मेलेले ते पहिले खलाशी, दोघे फिलिपिन्सचे, एक व्हिएतनामचा.

कधीकधी मात्र नकार-बिकार काही उरतच नाही, कारण युद्धच तुमच्या बंदरात येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या बंदरांत डझनावारी जहाजं अडकली. बाहेर सुरुंग, आत बॉम्ब. ओल्व्हिया बंदरात उभ्या असलेल्या बांग्लार समृद्धी या बांगलादेशी जहाजावर २ मार्चला मारा झाला, आणि तिथला थर्ड इंजिनिअर गेला. मिकोलाइव्हमध्ये अडकलेले आपले ७५ खलाशी बसने बाहेर काढावे लागले. आणि जुनं उदाहरण हवं असेल तर १९६७ चं. सहा दिवसांच्या युद्धात सुएझ कालवा बंद झाला आणि ग्रेट बिटर लेकमध्ये १४ जहाजं अडकली. किती दिवस? आठ वर्षं. माणसं बदलत राहिली, जहाजं तिथेच वाळूने पिवळी पडत राहिली. वेळ जावा म्हणून त्यांनी स्वतःची टपाल तिकिटं छापली, खेळांच्या स्पर्धा भरवल्या. मुलाला हे इतकं आवडलं, की तो दोन दिवस तिकिटंच काढत बसला होता.

या सगळ्यात आईंनी एक गोष्ट सांगितली, जी बारा वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचे आजोबा गुहागरकडचे. दुसऱ्या महायुद्धात आगबोटीवर ‘भंडारी’ होते. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. त्या बोटींवरच्या हुद्द्यांची नावं आपलीच: मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, कोठीवाला कसाब. साहेबाच्या जहाजावर इंग्रजी वरच्या मजल्यावर, आणि खाली ही भाषा. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा भारतीय खलाशांनी ब्रिटनच्या बंदरांत संप केला, की धोका सारखा तर पगार का नाही. काहींना तुरुंगात टाकलं, पण पगार वाढवावा लागला. ‘युद्धाच्या पाण्यातून जायचा जादा भाव’ हे भांडण त्या पोरांनीही केलं होतं.

तेव्हाची एक रीत तर ऐकून विश्वास बसत नाही. जहाज बुडालं की अनेकांचा त्या दिवसापासून पगार बंद. काम संपलं ना! लाइफबोटीत तरंगत असलेला माणूस बिनपगारी. मे १९४१ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या खलाशांसाठी हे बदललं. त्याच्या आधी, १७ सप्टेंबर १९४० ला, सिटी ऑफ बनारस हे जहाज बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला ९० मुलांना कॅनडाला नेत असताना जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडवलं गेलं. त्यातली ७७ मुलं गेली. इंग्लंडमध्ये त्या मुलांची आठवण अजून निघते. त्याच रात्री उत्तर अटलांटिकच्या थंडीत गेलेल्या शंभरएक भारतीय खलाशांची फारशी निघत नाही. युद्धात एकूण सहा हजारांहून अधिक भारतीय व्यापारी खलाशी गेले. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत आम्ही मुलाला फिरायला नेतो, तिथे दगडावर ओळीने नावं आहेत. या खलाशांची नावं मात्र दगडावर नाहीत. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांचं वसतिगृह आहे, तिथे एका वहीत आहेत. बुडालेल्या माणसाला थडगं कुठलं?

आईंचे आजोबा परत आले. पण येण्याआधी अकरा महिने घरी काहीच कळलं नव्हतं, आणि त्यांच्या आजीने त्या अकरा महिन्यांत कुंकू लावावं की नाही, यावरून वाडीत दोन तट पडले होते. "तिने लावलं," आई म्हणाल्या. "रोज, मोठं."

आज अकरा महिने कळत नाही असं होत नाही. आज उलटा छळ आहे. जहाजाची जागा मोबाईलवर दिसते. प्रत्येक मोठ्या जहाजावर एक यंत्र असतं, ते आपलं नाव, जागा, वेग सतत सांगत राहतं, म्हणजे टक्कर होऊ नये. नकाशावर एक छोटा बाण दिसतो. तो बाण म्हणजे माझा नवरा. कुकर लावताना, मुलाला बसमध्ये बसवताना, मी तो बाण बघत असते. पण धोक्याच्या पाण्यात कॅप्टन ते यंत्र बंद करू शकतो, कारण तो बाण मला दिसतो तसा क्षेपणास्त्रवाल्यालाही दिसतो. त्याच कारणाने कंपनी वाय-फायही बंद करते. फोन नाही, बाण नाही. ज्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त कळायला हवं, त्याच दोन दिवसांत काही कळत नाही.

आणि बाण दिसला तरी तो खरा असेलच असं नाही. ३० जानेवारीला पहाटे मी ॲप उघडलं, तर जहाज जमिनीवर. जेद्दाच्या विमानतळाजवळ. मी आईंना उठवलं. नंतर कळलं, की युद्धाच्या भागात उपग्रहाचे खोटे संकेत सोडतात, म्हणजे ड्रोन भरकटावेत. त्या नादात जहाजांचे जीपीएसही भरकटतात आणि नकाशावर बोटी विमानतळावर गोळा होतात. बायकांची झोप उडते एवढंच नुकसान नाही त्यात. मे २०२५ मध्ये एमएससी अँटोनिया नावाचं कंटेनर जहाज जेद्दाजवळ उथळात रुतलं, त्यातही जीपीएसच्या अशाच गडबडीचा संशय होता. म्हणून म्हातारे कॅप्टन पोरांना अजून ताऱ्यांवरून जागा काढायला लावतात. पोरं कुरकुरतात.

नवऱ्याचं जहाज निघालं पलीकडे. १ फेब्रुवारीला रात्री पावणेदोनला व्हॉट्सॲपवर दोनच शब्द आले: "झालं पार." मी आईंना सांगायला गेले, तर त्या जाग्याच होत्या.

मे महिन्यात तो घरी आला. सप्टेंबरमध्ये नवं कॉन्ट्रॅक्ट आलं, छापून आणलं आणि डायनिंग टेबलवर ठेवलं. पूर्वी हे कागद तो ऑफिसच्या फायलीत घालायचा, कुणी बघायचं नाही. यावेळी आईंनी पंचांग बघायचं भिंग आणलं, खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. इंग्रजी त्यांचं सातवीपर्यंतचं. बोट ठेवून वाचत होत्या.

"झेंडा?"

"लायबेरिया."

"युनियनचा करार आहे का यात?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी भाजी चिरत होते, मान वर केली नाही.

"आहे, आई. तिसऱ्या पानावर."

"दाखव," त्या म्हणाल्या, आणि भिंग पुढे सरकवलं.